साडेचारशे चौरस फुटांत मर्फी

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी 'घरातली जागा' हा विषय दिला. ठाणे, डोंबिवली, कल्याण या भागात जागेबद्दल लिहायचे म्हटले की पुनर्विकास, पार्किंग आणि वाढती भाडी आधी समोर येतात. मला मात्र वेगळी घरे पाहायची होती. ज्या घरांत माणसांच्या बरोबरीने जुनी यंत्रे नांदतात ती घरे. व्हॉल्व्हचे रेडिओ, चावीचे ग्रामोफोन, स्पूलचे टेपरेकॉर्डर, लाकडी शटरचे टीव्ही, टू-इन-वन. हे सगळे जमवणारी माणसे या पट्ट्यात आहेत आणि मला भेटलेल्या प्रत्येकाची जागा संपली आहे. घरात काय काय आहे याचा गवगवा नको, म्हणून बहुतेकांनी नावे न छापण्याची विनंती केली. ती मी पाळली आहे.

दिवाणाच्या पोटात

डोंबिवली पूर्वेला रामनगर भागात एका जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरचे वन बीएचके. क्षेत्रफळ साडेचारशे चौरस फूट. घरचे काका रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. दारातून आत गेल्यावर चपलांचे कपाट आणि त्यावर चॉकलेटी बेकलाइटचा रेडिओ. हॉलमधला दिवाण उघडला तर आत गाद्या नाहीत. व्हॉल्व्हचे सेट आहेत, जुन्या सुती साड्यांत गुंडाळलेले, प्रत्येकाचे तोंड वर केलेले, म्हणजे डायलच्या काचेवर भार येत नाही. बेडरूमच्या कपाटावर टू-इन-वनची रांग छताला टेकली आहे. स्वयंपाकघराच्या पोटमाळ्यावर दिवाळीच्या फराळाची मोठी परात, मोदकपात्र आणि स्पूलचा टेपरेकॉर्डर शेजारी शेजारी. बंद केलेल्या बाल्कनीत लाकडी शटरचा कृष्णधवल टीव्ही आहे. त्यावर मेणकापड आणि मेणकापडावर तुळशीची कुंडी.

एक सेट बाहेर काढायचा तर आधी तीन हलवावे लागतात. काका ते कसे करतात हे बघण्यासारखे आहे. मधला सेट काढण्याआधी त्याच्या मापाची मोकळी जागा ते जमिनीवर तयार करतात, वर्तमानपत्र अंथरतात, मगच हात घालतात. सेट उचलताना बोटे कॅबिनेटच्या बुडाखाली जातात, मागच्या पुठ्ठ्याला कधीच लागत नाहीत. हा पुठ्ठा, त्यावरची भोके आणि छापील सूचना हे सगळ्यांत आधी तुटते आणि नंतर कुठेच मिळत नाही.

काकूंचे नियम पक्के आहेत. देवघराच्या भिंतीला काही टेकवायचे नाही. गॅसच्या ओट्याखाली काही ठेवायचे नाही. पाहुणा आला तर त्याला झोपायला आडवी जागा मिळालीच पाहिजे. या तीन नियमांवर त्यांचा संसार आणि काकांचा संग्रह दोन्ही टिकले आहेत. वर्षाचा खरा हिशेब मात्र दिवाळीच्या साफसफाईत होतो. सगळे खाली उतरते, पुसले जाते, पुन्हा वर चढते आणि दरवर्षी चढताना थोडे कमी मावते.

इथल्याच कारखान्यांतून, इथल्याच घरांत

या वस्तू या भागात इतक्या का सापडतात? एक कारण हाताशी आहे. फ्रँक मर्फी आणि ई. जे. पॉवर यांनी १९२९ मध्ये इंग्लंडात सुरू केलेल्या मर्फी कंपनीच्या भारतीय शाखेचा कारखाना ठाण्यात होता. ओठांवर बोट ठेवलेल्या बाळाचे तिचे चित्र एका पिढीला पाठ आहे. कळव्याला फिलिप्स होते, सीमेन्स होते. एमआयडीसी १९६२ मध्ये स्थापन झाली आणि तिची सुरुवातच ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून झाली. या कारखान्यांत सोल्डरिंग, वायंडिंग, तपासणी करणारे कामगार आणि सुपरवायझर नौपाड्यापासून कल्याणपर्यंत राहायचे. घरच्या रेडिओचे झाकण उघडायला त्यांना भीती वाटत नसे. आज मला भेटलेल्या जमवणाऱ्यांत अशा कामगारांची मुले आहेत. सोल्डरिंगची इस्त्री त्यांनी वडिलांच्या हातात पाहिलेली.

दुसरे कारण म्हणजे या वस्तूंची घरातली पत. रेडिओ हप्त्याने यायचा. त्याचा परवाना काढावा लागे, दरवर्षी पोस्टात जाऊन शुल्क भरून पुस्तिकेत नोंद करून घ्यावी लागे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत हे चालू होते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले तेव्हा सगळ्या मजल्याचा मिळून एक टीव्ही असे. असे यंत्र बंद पडले तरी बाहेर जात नसे. ते पोटमाळ्यावर जायचे. म्हणजे या शहरांतले पोटमाळे हेच चाळीस वर्षे आपले संग्रहालय होते आणि हे कुणाच्या ध्यानातही आले नव्हते.

परवान्याची पुस्तिका रेडिओसोबत मिळाली तर जमवणारे ती जिवापाड जपतात. ठाण्यात पाचपाखाडीला राहणाऱ्या एका अभियंत्याने मला अशा पुस्तिका दाखवल्या. पोस्टाच्या शिक्क्यांनी भरलेली पाने, मालकाचे नाव, चाळीचा पत्ता. ती चाळ आता नाही, तिच्या जागी बावीस मजली इमारत आहे. पुस्तिकेमुळे तो सेट कोणत्या घरात वाजला हे कळते. पुस्तिकेविना तोच सेट नुसता एक जुना रेडिओ उरतो. माझ्या मते संग्रहातली निम्मी किंमत या कागदांत असते आणि भंगारात सर्वांत आधी कागदच जातात.

किल्ली देण्याच्या आधीचे आठ दिवस

सध्या वस्तू येतात त्या पुनर्विकासातून. सत्तर-ऐंशीच्या दशकात उभ्या राहिलेल्या तीन-चार मजली इमारती आता पाडायला निघाल्या आहेत. करार होतो, बिल्डर भाडे देऊ लागतो आणि घर रिकामे करण्याची तारीख ठरते. त्या आधीच्या आठवड्यात पोटमाळे उघडतात. आजोबांचा रेडिओ खाली येतो. भाड्याच्या घरात न्यायला जागा नसते, मुले पुण्यात किंवा परदेशात असतात आणि खाली भंगारवाल्याचा टेम्पो उभा असतो.

भंगारवाला तोलून घेतो. त्याच्या लेखी व्हॉल्व्ह सेटमध्ये तीन गोष्टी असतात: ट्रान्सफॉर्मरमधले तांबे, स्पीकरचे लोहचुंबक आणि लोखंडी चासी. कॅबिनेट आणि डायल हा कचरा. हातोड्याच्या दोन-तीन घावांत सगळे सुटे होते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याचे पोट किलोच्या भावावर आहे. म्हणून जमवणाऱ्याला त्याच्या आधी पोचावे लागते. सोसायटीच्या वॉचमनकडे, शिफ्टिंगच्या टेम्पोवाल्यांकडे, जुन्या मेकॅनिककडे फोन नंबर देऊन ठेवलेला असतो. फोन आला की त्याच संध्याकाळी जायचे. उद्या म्हटले की गेले.

मग जमवणाऱ्याची स्वतःची इमारत पुनर्विकासाला निघते. ज्या लाटेत वस्तू मिळतात तीच लाट त्याचे घर घेऊन जाते. दोन-तीन वर्षे भाड्याच्या घरात, मग पुन्हा नव्या घरात, म्हणजे प्रत्येक यंत्राला दोन स्थलांतरे. नवे घर कागदावर थोडे मोठे असते, पण त्यात पोटमाळा क्वचितच असतो. जुन्या बांधकामात स्वयंपाकघर आणि संडास-बाथरूमवर काँक्रीटची फळी घालण्याची पद्धत होती. आता तिथे फॉल्स सीलिंग येते. बैठक सुंदर दिसते आणि ठेवायला काही उरत नाही. पाचपाखाडीच्या अभियंत्याने नव्या घराचा नकाशा हाती येताच सर्वांत आधी भिंतींची लांबी मोजली.

फरशीला किती पेलते

जागा म्हणजे फक्त लांबी-रुंदी नव्हे, वजनही असते, हे फार कमी लोक लक्षात घेतात. राहत्या घराची फरशी किती भारासाठी आखायची याचे भारतीय मानक आहे, आयएस ८७५. त्यानुसार राहत्या खोलीसाठी माणसे आणि सामान मिळून साधारण दर चौरस मीटरला २०० किलोचा भार धरतात, तोही सगळीकडे सारखा पसरलेला. लाँगप्ले तबकडी कव्हरसह पाव किलोच्या आसपास भरते. हजार तबकड्या म्हणजे अडीचशे किलो आणि त्या जेमतेम हातभर खोल, तीन फूट रुंद कपाटात उभ्या मावतात. लाखेच्या जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्या त्याहून जड. अशी दोन कपाटे खोलीच्या मधोमध, चाळीस वर्षांच्या स्लॅबवर उभी करू नयेत. ती बीमच्या जवळ, भिंतीला लागून असावीत. कललेल्या तबकड्या वाकतात, म्हणून त्या उभ्या आणि घट्ट हव्यात, पण दाबलेल्या नकोत.

सगळ्यांत धोक्याची जागा म्हणजे बाल्कनी. ग्रील लावून, पत्रा टाकून ती खोलीत घेतली की घरच्यांना वाटते चार फूट जागा मिळाली. ती स्लॅब मात्र इमारतीबाहेर झुकलेली असते. तिची सळई पावसाने गंजलेली असेल तर तिथे पिक्चर ट्यूबचे टीव्ही रचणे म्हणजे खालून जाणाऱ्याच्या जिवाशी खेळ. वीस इंची रंगीत टीव्हीच वीस किलोच्या घरात भरतो. काकांच्या बाल्कनीत एकच टीव्ही आहे आणि तोही भिंतीच्या आतल्या कडेला, याचे कारण हे.

तळमजल्याची दुकाने, गाळे वजनाला चांगले. पण २६ जुलै २००५ या भागात कोण विसरेल? सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. इकडे उल्हास नदी आणि खाडीच्या पाण्याने कल्याण, डोंबिवली, बदलापूरचे सखल भाग बुडवले. तळमजल्यावर ठेवलेली लाकडी कॅबिनेटे पाण्यात फुगून थरांथरांनी सुटली, स्पीकरचे कागदी कोन विरघळले. कल्याणला खाडीच्या बाजूला राहणारा एक जण सांगत होता, की तेव्हापासून तो जमिनीपासून तीन फूट उंचीखाली काहीच ठेवत नाही. म्हणजे तळमजला असूनही त्याची खोली अर्धीच वापरात.

सिरीजचा दिवा

यंत्र नुसते ठेवून टिकत नाही. आपल्या हवेत तर नाहीच. ठाण्या-कल्याणच्या पावसाळ्यात चार महिने ओल भिंतीतून येते. ट्रान्सफॉर्मरच्या बारीक तारांवर हिरवे चढते, डायलचा दोरा ढिला पडतो, कॅसेट डेकचे रबरी बेल्ट वितळून डांबरासारखे चाकांना चिकटतात. सगळ्यांत आधी कंडेन्सर जातात. मेणकागदाचे जुने कंडेन्सर ओल धरून गळू लागतात. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वर्षानुवर्षे विजेविना राहिले की त्यांच्या आतला ऑक्साइडचा थर क्षीण होतो. असा सेट हौसेने सरळ भिंतीतल्या प्लगला लावला तर कंडेन्सर फुटतो, कधी रेक्टिफायर जातो, कधी ट्रान्सफॉर्मर जळतो. अनेक चांगले सेट असेच, पोटमाळ्यावरून उतरल्याच्या पहिल्या पाच मिनिटांत मेले आहेत.

काका काय करतात ते मी जवळून पाहिले. त्यांच्याकडे लाकडी फळीवर एक होल्डर आणि एक सॉकेट आहे, त्यात शंभर वॅटचा तारेचा दिवा. हा दिवा आणि रेडिओ सिरीजमध्ये. आत शॉर्ट असेल तर दिवा लख्ख पेटून राहतो, रेडिओ वाचतो. सगळे ठीक असेल तर दिवा आधी जरा उजळतो आणि मग मंद होतो. त्यानंतर डिमरस्टॅटने व्होल्टेज हळूहळू वाढवायचे. तासभर, कधी अख्खी दुपार. बिनट्रान्सफॉर्मरच्या सेटची चासी थेट विजेला जोडलेली असू शकते, म्हणून पायाखाली रबरी चटई आणि एक हात पाठीमागे. तारेचे दिवे आता दुकानात सहज मिळत नाहीत, त्यामुळे काकांनी त्यांचाही साठा केला आहे. त्यालाही जागा लागते.

त्या दिवशी त्यांनी लावलेल्या सेटचे व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट गेले. मग गुणगुण, मग ट्यूनिंग दाखवणाऱ्या मॅजिक आयचा हिरवा प्रकाश. सुई ५५८ किलोहर्ट्झवर नेली, आकाशवाणीची अस्मिता वाहिनी. आवाज आला, पण त्यावर करकर होती. काकांनी हॉलमधला एलईडी दिवा बंद केला, मुलाचा मोबाइल चार्जर काढला, करकर कमी झाली. पूर्ण गेली नाही, कारण वर-खाली, शेजारी पंधरा घरांतले चार्जर आणि दिवे चालूच होते. मध्यम लहरींवर ऐकणारा जुना सेट दाट वस्तीत असा अडचणीत येतो. देशात अनेक ठिकाणचे मध्यम लहरींचे प्रक्षेपक आता बंद झाले आहेत. इथले आहेत तोवर हे सेट बोलतील.

यंत्र असे अधूनमधून चालवत राहावे लागते, म्हणून दूरच्या गोडाऊनचा उपाय मला पटत नाही. टिटवाळा, वांगणी, बदलापूरला खोली घेऊन माल हलवणारे आहेत. भिवंडीत भाड्याने कोपरा घेतलेलेही आहेत. पहिल्या वर्षी महिन्याला फेरी होते, मग सणासुदीला, मग वाळवी लागल्याचा फोन येतो. सहा महिन्यांतून एकदा वीज मिळालेला सेट टिकतो, खोक्यात बंद केलेला मरतो.

केळकरांनी काय केले, चांदवणकरांनी काय केले

घरात न मावणाऱ्या संग्रहाचे पुढे काय होते, याची दोन उदाहरणे मराठी माणसाला ओळखीची आहेत. पुण्यात चष्म्यांचे व्यापारी आणि 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे दिनकर केळकर यांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली. दिवे, अडकित्ते, दारे, वाद्ये. दिवंगत मुलाच्या, राजाच्या नावाने संग्रहालय उभे केले आणि १९७५ मध्ये तो सगळा संग्रह राज्य सरकारच्या हवाली केला. त्यांच्याकडे वाडा होता. वन बीएचकेवाल्याला तो मार्ग मिळत नाही आणि अडकित्त्याला वीज लागत नाही.

दुसरे उदाहरण आपल्या विषयाच्या जवळचे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेले सुरेश चांदवणकर हे 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या १९९० मध्ये मुंबईत सुरू झालेल्या संस्थेचे मानद सचिव. तबकड्या जमवणारे एकत्र आले, ऐकण्याच्या बैठका भरल्या, 'द रेकॉर्ड न्यूज' हे नियतकालिक निघाले. ब्रिटिश लायब्ररीच्या धोक्यातल्या दस्तऐवजांसाठीच्या कार्यक्रमातून 'यंग इंडिया' या १९३५ ते १९५५ या काळातल्या देशी लेबलच्या तबकड्यांचे आणि नंतर ओडियनच्या तबकड्यांचे डिजिटायझेशन झाले. आता ते आवाज जगात कुठेही ऐकता येतात. हे फार मोठे काम आहे. त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते: आवाजाची प्रत काढता येते, सुई आणि स्प्रिंगची काढता येत नाही. ऐंशीच्या दशकातल्या घरगुती संगणकाचा प्रोग्रॅम कॅसेटवरून उतरवून घेता येईल, पण टेपरेकॉर्डर संगणकाला जोडून, आवाज कमी-जास्त करत तो चढवायचा कसा, हे त्या यंत्रापुढे बसूनच कळते.

काय सोडायचे

जागा संपल्यावर निवड करावीच लागते आणि ती निवड जमवणाऱ्याने हयातीत करावी असे मी ठामपणे म्हणेन. मागे राहिलेल्यांना ते जमत नाही. त्यांना सगळे सारखेच दिसते, मग सगळेच टेम्पोत जाते.

सर्वांत आधी सोडाव्यात त्या मोठ्या पिक्चर ट्यूबच्या साध्या रंगीत टीव्हीच्या दुहेरी प्रती. जागा खातात, जड असतात, काचेत शिसे असते. ते रस्त्यावरच्या भंगारवाल्याला देऊ नयेत, तो मान मोडून ट्यूब फोडतो. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे, पण ज्यांचे उत्पादकच उरले नाहीत अशा यंत्रांचे काय हा प्रश्न घरी बसलेल्या माणसापुढे उरतोच. अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात नेऊन देणे हाच सरळ मार्ग. मोडलेल्या सेटमधून सुटे भाग काढून घ्यावेत: व्हॉल्व्ह, नॉब, डायलची काच, आयएफ ट्रान्सफॉर्मर. चार मेलेल्या सेटचे भाग एका बिस्किटाच्या डब्यात मावतात आणि पाचवा चालू ठेवतात.

कल्याणच्या एका तरुणाने एक पद्धत लावली आहे, ती मला फार आवडली. प्रत्येक यंत्राच्या आत, मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला, तो एक कागद चिकटवतो. कोणत्या घरातून आले, कोणी दिले, कधी शेवटचे वाजले, कोणता कंडेन्सर बदलला, काय अजून बिघडलेले आहे. शेवटच्या ओळीत, आपल्यानंतर हे कोणाकडे जावे. घरच्यांना वही सापडली नाही तरी यंत्र स्वतःच सांगेल.

एक खोली

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आहे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये स्थापन झाले. पुस्तके एकेकाच्या घरात मावत नाहीत, प्रत्येकाला घेणे परवडत नाही, तेव्हा मिळून ठेवू, असे या गावांतल्या लोकांनी दीडशे वर्षांपूर्वी ठरवले आणि करून दाखवले. यंत्रांसाठी तसे झालेले नाही. मला भेटलेल्यांपैकी बहुतेक जण आपला अर्धा संग्रह उद्या द्यायला तयार आहेत. त्यांची अट एकच, यंत्रे चालू राहिली पाहिजेत.

त्यासाठी संग्रहालयाची इमारत लागत नाही. दोनशे-अडीचशे चौरस फुटांची एक खोली पुरे, पहिल्या मजल्यावर, म्हणजे पाणी आत यायला नको. भिंतींना लागून लोखंडी मांडण्या, जमिनीपासून उचललेल्या. स्वतंत्र मीटर आणि अर्थिंग, एक वर्कबेंच, एक डिमरस्टॅट, पावसाळ्यासाठी डीह्युमिडिफायर. आठवड्यातून दोन संध्याकाळी खोली उघडी आणि एखादा जुना मेकॅनिक मानधनावर. असे मेकॅनिक अजून आहेत, वयाने सत्तरीपुढचे. मासे पकडायच्या नायलॉनच्या दोऱ्याने डायल कसा ओवायचा, हे ते कुणालाही तासाभरात शिकवतील. वाचनालयाचे सभासद पुस्तक नेतात तसे दुरुस्त केलेले टू-इन-वन महिनाभर घरी नेता यावे, नातवंडांना कॅसेट ऐकवून परत आणावे.

रामनगरच्या इमारतीच्या पुनर्विकासाची सभा दिवाळीनंतर आहे. काकांनी यादी करायला घेतली आहे. भाड्याच्या घरी नेण्याचे सेट, कल्याणच्या तरुणाला देण्याचे सेट आणि बाकीचे, ज्यांना कुठे जायचे ते ठरलेले नाही. हा तिसरा भाग सर्वांत लांब आहे. त्याची पाने ते पेन्सिलीने लिहीत आहेत.